पुठ्ठा कोरडा बघून निघा

गाडीचं ऑईल कधी बदलायचं, हा प्रश्न आमच्या भागात माणसं सगळ्यांना विचारतात. मेहुण्याला विचारतात, पानठेलेवाल्याला विचारतात, पंचांग बघणाऱ्या महाराजांना विचारतात, आणि हल्ली मोबाईलमध्ये हातवारे करून बोलणाऱ्या कुठल्याशा बहाद्दरालाही विचारतात. सगळ्यांची मतं गोळा झाली की मग मिस्त्रीकडे येतात. तेव्हा ते विचारायला आलेले नसतात, आपलं ठरलेलं ऐकवायला आलेले असतात. मिस्त्रीनं फक्त मान हलवायची.

साकोलीला हायवेच्या कडेला माझं गॅरेज होतं. तिथं मी आयुष्यभर नको तिथं मान हलवली नाही, म्हणून माझी ख्याती तोंडाळ मिस्त्री अशी झाली. पुढे गावावरून उड्डाणपूल गेला आणि गाड्या आमच्या डोक्यावरून भरधाव निघून जाऊ लागल्या. त्याच सुमारास माझ्या गुडघ्यांनी गाडीखाली शिरायला नकार दिला. दोघांनी मिळून माझं दुकान बंद केलं असं म्हणा.

या अंकाच्या संपादकांनी निरोप पाठवला, की कामानं आयुष्यात काय शिकवलं ते लिहा आणि जरा प्रेरणादायी असू द्या. प्रेरणा माझ्याकडे नाही, माझ्याकडे ऑईल आहे. त्यातही नेमक्या एका विषयावर मी अधिकारानं बोलू शकतो. लांबच्या वाटेला निघताना, मागे काहीतरी जड ओढत न्यायचं असेल तेव्हा, ट्रकचं ऑईल कधी बदलावं हा तो विषय. ज्यांच्याकडे ट्रक नाही त्यांनी पान उलटायची घाई करू नये. यात लोखंड थोडं आहे आणि माणसं जास्त.

इंजिनाच्या पोटाखाली परातीसारखं एक भांडं असतं. त्याला आम्ही चेंबर म्हणतो. ऑईल तिथं साठतं, तिथून वर चढतं, फिरणाऱ्या लोखंडाला ओलं ठेवतं, थंड करतं आणि आतला मळ घेऊन पुन्हा खाली येतं. नवं ऑईल मधाच्या रंगाचं असतं. इंजिन एकदा फिरलं की ते काळं पडायला लागतं, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण काही काळानं त्याची मळ घ्यायची ताकद संपते आणि ते तोच मळ फिरवत बसतं. रिकामा ट्रक सपाट रस्त्यानं चालला तर ऑईल बरेच दिवस पुरतं. तोच ट्रक भरला, मागे ट्रॉली जोडली आणि चढावर घातला, की इंजिन तापतं आणि ऑईल लवकर म्हातारं होतं. म्हणून ओढायच्या प्रवासाआधी ते बदलायचं. इथपर्यंत सगळ्यांना पटतं.

पुढचं कुणाला पटत नाही. ऑईल बदलायचं, पण निघायच्या तोंडावर नाही. चार दिवस हाताशी ठेवून बदलायचं. मग गावातल्या गावात पोती टाकून दोन-चार फेऱ्या मारायच्या, संध्याकाळी गाडी उभी केली की चेंबरखाली कोरडा पुठ्ठा सरकवायचा आणि सकाळी तो ओढून बघायचा. थेंब दिसला तर कारण शोधायचं. पुठ्ठा कोरडा असेल तर देवाचं नाव घेऊन निघायचं. ऑईल बदलणं म्हणजे शेवटी खालचा एक नट काढणं आणि परत लावणं. माणसानं काढून लावलेली वस्तू तपासून बघावी लागते, मग लावणारा मी का असेना. पण पुठ्ठ्याचा सल्ला दिला की लोकांचे चेहरे पडतात. त्यांना वाटतं, मिस्त्रीनं काहीतरी मोठं सांगावं.

नाकाडोंगरीकडचे एक ठेकेदार होते. खाणीच्या कामावर त्यांचे दोन जुने ट्रक चालायचे. त्यातला एक पार बसला, म्हणून तो दुसऱ्या ट्रकला दांडा लावून, म्हणजे आमच्या भाषेत टोचन करून, नागपूरला विकायला न्यायचं ठरलं. निघण्याआधी ठेकेदार साहेब ऑईलचा डबा घेऊन माझ्याकडे आले. मी ओढणाऱ्या ट्रकखाली शिरलो, तर म्हणाले, "अरे मिस्त्री, तो नाई. तो मागचा." मी विचारलं, मागच्याचं इंजिन चालणारच नाही, त्याला नवं ऑईल कशाला? ते म्हणाले, "गिऱ्हाईक ऑईल मोजाची काडी काढून पाह्यते ना! काळं दिसलं त भाव पाडते." ओढणाऱ्याचं ऑईल डांबर झालेलं होतं. पण त्याला कुणी बघणार नव्हतं, म्हणून ते तसंच राहिलं. मेलेल्याला नवे कपडे घालून जिवंताला उपाशी ठेवायची ही रीत फक्त ट्रकवाल्यांतच आहे असं मी म्हणणार नाही. तो ट्रक भंडाऱ्याच्या अलीकडेच धापा टाकत थांबला आणि मग दोन्ही ट्रक विकायला निघाले.

दुसरे आंबागडचे, जंगलातली लाकडं वाहणारे. त्यांनी ऑईल कधी बदललंच नाही, फक्त वरून ओतत राहिले. "बदलाचं कायले? कमी झालं का टाकतो ना मी." हा त्यांचा सिद्धांत. मी म्हटलं, भाऊ, अंगावर रोज नवा सदरा घालता, पण जुना काढत नाही, असं झालं हे. त्यांना राग आला आणि ते दुसऱ्या मिस्त्रीकडे गेले. त्या मिस्त्रीनं मान हलवली असणार.

पण माझ्या मनात घर करून बसली आहे ती एकोडीच्या मुखरूभाऊंची गोष्ट. दुकान बंद करायच्या आदल्या दिवाळीतली. मुखरूभाऊ धानाचे शेतकरी, थोडा धानाचा व्यापार, आणि जोडीला झुला. मंडईत गोल फिरणारा मोठा पाळणा असतो ना, त्याला आमच्याकडे झुला म्हणतात. दिवाळी सरली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, नाचगाण्याची दंडार होते, नाटक होतं, आणि पाहुण्यांनी घरं फुटायला येतात. मंडईपासून शंकरपटापर्यंत, म्हणजे बैलांच्या शर्यतींपर्यंत, हाच झुलेवाल्यांचा हंगाम. मुखरूभाऊंच्या ट्रकमध्ये झुल्याचं सगळं लोखंड आणि मागे ट्रॉलीवर मोठा जनरेटर, अशी ती वरात निघायची. ट्रकमध्ये दोघंच, मुखरूभाऊ चालवायला आणि त्यांच्या बायको पार्बताबाई शेजारी. मजूर पुढे बसनं जायचे.

त्या वर्षी त्यांना सीमेपलीकडच्या, छत्तीसगडातल्या देवीच्या एका मोठ्या मंडईचा शब्द मिळाला होता. स्टेजसमोरची जागा, सगळ्यात गर्दीची. पंचांनी सांगितलं होतं की आदल्या दिवशी दिवस मावळायच्या आत गाडी मैदानात दिसली तर जागा तुमची, नाही तर जो उभा असेल त्याची. दुसरा एक झुलेवाला त्याच जागेवर डोळा ठेवून होता. मुखरूभाऊंनी छोटा झुला विकून मोठा घेतला तो या जागेच्या भरवशावर. ट्रक मात्र तोच, म्हातारा, एकुलता एक. त्याचं इंजिन गेलं तर एक मंडई नाही, अख्खा हंगाम गेला असता आणि नवा झुला अंगणात गंजत पडला असता.

कोजागिरीच्या सुमाराला ते माझ्याकडे आले.

"मिस्त्री, ऑईल कवा बदलू?"

"आज."

"आज? आपल्याले त भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी जाचं हाय."

"मनूनच आज. दिवाळीपर्यंत धानाच्या फेऱ्या मारा, पुठ्ठा टाकून पाहा, मंग जा."

मुखरूभाऊंनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "म्हणजे नवं ऑईल इकडेच जाळू? गावातल्या गावात? आन् देवीच्या पायाशी जाऊन राहिलो त जुनं घेऊन जाऊ?"

"एवढ्यानं जुनं होते का जी ते?"

"झालं ना उष्टं!" ते म्हणाले.

उष्टं हा शब्द त्यांनी वापरला आणि माझं सगळं यंत्रशास्त्र तिथं संपलं. उष्ट्यावर उपाय नाही. नवी साडी, नवा हार, नवा नारळ, तसंच नवं ऑईल, ते निघतानाच अंगावर पडलं पाहिजे.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी त्यांचा फोन आला, की या बदलून द्यायला. माझे पाने पूजेत मांडून झाले होते, त्यांना हळदीकुंकू लागलं होतं. मी म्हटलं, आज मी पान्याला हात लावत नाही, आणि तुम्हीही लावू नका. त्यांनी माझं अर्धं ऐकलं. मला सोडलं आणि स्वतः गाडीखाली शिरले.

आता एक छोटी गोष्ट सांगतो, कारण सगळं तिच्यावर आहे. चेंबरच्या नटाला तांब्याचा एक बारीक वायसर असतो. नट आवळला की तो दबतो आणि फट बुजवतो. एकदा दबलेला वायसर पुन्हा नीट बुजवेल याचा भरवसा नसतो, म्हणून ऑईलबरोबर वायसरही नवा टाकायचा असतो. मुखरूभाऊंनी नवं ऑईल आणलं, झेंडूचा नवा हार आणला, केबिनमधल्या देवीच्या फोटोला लावायला नवी दिव्यांची माळ आणली. वायसर तेवढा जुनाच राहिला. त्याला कुणी ओवाळत नाही.

मग गाडीची पूजा झाली. शेणानं सारवून रांगोळी घातली, चारी चाकांशी दिवे ठेवले, आणि इंजिन म्हणजे गाडीचं काळीज म्हणून पाचवा दिवा थेट इंजिनाखाली ठेवला. बॉनेटवरून आडवा हार बांधला. आणि मुखरूभाऊंचा घरचा नियम असा, की पूजा झाली की गाडी बसते. निघायच्या घडीपर्यंत तिला सुरू करायचं नाही, पाना लावायचा नाही, बॉनेट उघडायचं नाही, कारण हार तुटतो. म्हणजे ऑईल बदलल्यावर जे जे करायचं असतं ते ते सगळं या पूजेनं बंद केलं होतं. एखाद्या हुशार माणसाला मुद्दाम बसवून सांगितलं असतं तरी त्याला इतकी चोख योजना सुचली नसती.

दुसऱ्या दिवशी गायगोधन, म्हणजे दिवाळीचा पाडवा. सकाळी पार्बताबाई अंगण झाडताना बघतात, तर इंजिनाखालच्या रांगोळीत तेलाचा डाग. छान, स्वच्छ, मधाच्या रंगाचा. इंजिन फिरलेलंच नव्हतं, तर ऑईल काळं कुठून पडणार? मुखरूभाऊंनी वाकून पाहिलं आणि निकाल दिला की उंदरानं दिवा लवंडला. भाऊबीजेला डाग मोठा झाला. मुखरूभाऊ म्हणाले, उंदीर परत आला. तिसऱ्या दिवशी सकाळी निघताना त्यांनी तिथं बोट बुडवलं आणि पूजेचं तेल म्हणून कपाळाला लावलं.

हे मला नंतर कळलं. त्या दिवशी साकोलीत माझ्या दारासमोर हॉर्न वाजला आणि मुखरूभाऊ प्रसाद द्यायला उतरले, तेव्हा त्यांचं कपाळ चकाकत होतं. मला वाटलं, माणूस अभ्यंगस्नान करून निघालाय. ते माझं आयुष्यभराचं ऑईल समोर चमकत होतं आणि मी खोबऱ्याचा तुकडा चघळत होतो.

"पुठ्ठा टाकला होता का?" मी विचारलं.

"मिस्त्री, निघाल्यावर टोकू नका जी," ते म्हणाले आणि वर चढले.

टोकणं म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. घरातून निघालेल्याला कुठं चाललास म्हणून विचारू नये, मागून हाक मारू नये, शंका काढू नये. आमच्याकडे हा नियम वाहतुकीच्या सगळ्या नियमांपेक्षा कडक पाळला जातो. पार्बताबाई खिडकीशी बसल्या होत्या. त्या माझ्याकडे बघून काहीतरी सांगणार होत्या असं मला वाटलं. पण गाडी हलली.

दुपारी जेवून मी लवंडलो होतो, तेवढ्यात फोन आला. नंबर मुखरूभाऊंचा, आवाज पार्बताबाईंचा.

"मिस्त्री, देवरीच्या पुढं चढावर उभे हाओत. तुमी येता का? लवकर या. हे आयकून नाई राहिले."

मागून मुखरूभाऊंचा आवाज येत होता, "चाबी दे, मनतो मी! चाबी दे!"

मी पूजेतले पाने उचलले, हळदीकुंकवासकट. ऑईलचा डबा, दोन नवे वायसर, मोटरसायकलला मागे बांधलेला पुठ्ठा. बायको म्हणाली, कुठं चाललात? मी म्हटलं, बरं झालं टोकलंस.

चढावर ट्रक डाव्या अंगाला उभा होता. चारी मोठ्या चाकांमागे आणि ट्रॉलीच्या चाकांमागे धोंडे लावलेले. ते पार्बताबाईंनी लावले होते. त्या रस्त्याकडेला मोहाच्या झाडाखाली बसल्या होत्या, पदर कमरेला खोचलेला आणि चाबी त्या पदरात. मुखरूभाऊ ट्रकभोवती फेऱ्या मारत होते, प्रदक्षिणा घालतात तसे. येणारे-जाणारे ट्रकवाले थांबून सल्ले देऊन गेले होते. एकानं टोचन करून वरपर्यंत नेतो म्हटलं होतं, एकानं लिंबू बदला म्हटलं होतं.

झालं होतं ते असं. चढ सुरू झाला, ट्रक पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत होता. पार्बताबाई समोर बघत बसल्या होत्या. देवीच्या फोटोभोवतीची दिव्यांची माळ मिचकत होती, लाल, हिरवी, लाल, हिरवी. ती माळ त्यांनीच लावली होती. तिचे दोन पदर खाली काट्यांच्या पाटीवर, म्हणजे डॅशबोर्डवर, लोंबत होते. त्यांच्यात त्यांना एक लाल दिवा दिसला, जो मिचकत नव्हता.

"अजी, हा एक लाल काहून चालूच हाय?"

"देवीचा हाय."

"देवीचे त मिचकून राहिले. हा मिचकत नाई."

"अवं, चढावर टोकू नको!"

पार्बताबाईंनी हात लांबवला आणि इंजिन बंद करायची तार खसकन ओढली. जुन्या ट्रकला ती तार असते. ओढली की डिझेल थांबतं आणि इंजिन मरतं. मुखरूभाऊंना ब्रेक दाबण्यावाचून इलाज राहिला नाही. मग पार्बताबाईंनी चाबी काढून घेतली, खाली उतरल्या आणि धोंडे शोधायला लागल्या.

तो मिचकत नसलेला दिवा ऑईल संपत आल्याचा होता. तो लागल्यावर इंजिन थोडा वेळच चालतं. त्यानंतर आतलं लोखंड लोखंडाला घासतं, तापतं आणि एकमेकांना धरून बसतं. मग ते इंजिन भंगाराच्या भावानं जातं.

मी येईपर्यंत बराच वेळ गेला होता आणि सूर्य कलायला लागला होता. त्या सगळ्या वेळात मुखरूभाऊंनी काय काय सांगितलं असेल याची कल्पना करा. चढ एवढाच आहे, वर जाऊन पाहू. जागा जाईल. तो दुसरा पोचला असेल. तुझ्यामुळे जाईल. आणि पार्बताबाई कमरेवर हात दाबून बसलेल्या. ती जागा त्यांचीही होती. छोटा झुला विकला तेव्हा अंगठा त्यांनीही दिला होता.

मी हार तोडून बॉनेट उघडलं. मुखरूभाऊंनी डोळे मिटले. काडी काढून बघितली, तर टोकाला नुसता ओलावा. खाली शिरलो. चेंबरचा नट हातानं फिरत होता. उभ्या गाडीत थेंब थेंब गळत होता तो, आणि ऑईल तापून पातळ झाल्यावर, धक्के बसल्यावर, त्याची धार लागली होती. मागे रस्त्यावर दूरपर्यंत काळी रेघ गेली होती. इथून तिथवर त्या गाडीनं रांगोळी काढली होती म्हणा.

वायसर काढून मी मुखरूभाऊंच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला.

"येवढ्याशानं?"

"येवढ्याशानं."

मग पार्बताबाई पहिल्यांदा बोलल्या. नवऱ्याशी नाही, माझ्याशी.

"मिस्त्री, हे मनत होते दिव्याचं तेल सांडलं. इंजिनाखालचा दिवा मीनं तुपाचा लावला होता. तूप सकाळच्या थंडीत थिजते ना जी? हे थिजत नोतं. दोन्ही दिवस सांगतलं मीनं. त मनते, निघाच्या वक्ती टोकू नको."

मी मुखरूभाऊंच्या कपाळाकडे पाहिलं. अजून थोडी चमक होती. मला हसू आवरेना, आणि रागही आवरेना. अशा वेळी मिस्त्रीनं पाना हातात धरावा, म्हणजे तोंड बंद राहतं. नवा वायसर टाकला, नट आवळला, ऑईल भरलं. मग चाबी मागितली.

पार्बताबाईंनी दिली नाही.

"पुठ्ठा टाका पहिले," त्या म्हणाल्या.

आयुष्यभर मी हे वाक्य दुसऱ्यांना सांगत आलो. कुणी मला सांगायची ती पहिली वेळ. मी मुकाट्यानं पुठ्ठा खाली सरकवला. मग चाबी मिळाली. इंजिन सुरू केलं, कान लावला. आत ठोका नव्हता. आवाज भरलेला होता. मला त्या माउलीच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं, हे मी इथं सरळ लिहून टाकतो. तिनं आणखी एवढासा उशीर केला असता, नवऱ्याच्या शब्दाला मान दिला असता, तर तो आवाज मी पुन्हा ऐकलाच नसता. इंजिन गरम होऊ दिलं. पार्बताबाई स्वतः गाडीखाली वाकल्या, पुठ्ठा ओढून उन्हात धरला, दोन्ही बाजूंनी बघितला.

"कोरडा हाय," त्या म्हणाल्या आणि वर चढून बसल्या.

ते पोचले तेव्हा अंधार पडला होता. स्टेजसमोर दुसऱ्याच्या झुल्याचे खड्डे खणून झाले होते. पंचांनी यांना मैदानाच्या मागे, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठावर जागा दिली. गर्दी तिथं कमी आली, पण आली. झुला फिरला. तिथून पुढची मंडई, त्याच्या पुढची, असा हंगाम शंकरपटापर्यंत निघाला. ट्रकनं हूं की चूं केलं नाही.

आता यातून मुखरूभाऊ काय शिकले ते ऐका. ते गावोगाव सांगत सुटले, की देवी किती जागृत आहे, चढावर स्वतः दिवा लावून तिनं इशारा दिला. इंजिन देवीनं वाचवलं. आणि स्टेजसमोरची जागा? ती बायकोमुळे गेली. तिनं चाबी दाबून ठेवली नसती, तर वेळेत पोचलो असतो. एकाच दुपारचा हिशेब त्यांनी असा दोन खात्यांत मांडला. पानठेल्यावर लोक माना हलवत होते. माझ्यासमोर सांगितलं तेव्हा मी हलवली नाही. मी म्हटलं, "देवीनं दिवा लावला त तुमाले कायले नाई दिसला जी? दिसला बाईले." त्यावर ते म्हणाले, मी गाडी चालवत होतो. बरोबरच होतं ते.

मी हेच पार्बताबाईंना एकदा बोलून दाखवलं. म्हटलं, सगळं श्रेय देवीला आणि दोष तुम्हाला, हा काय न्याय? त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "मनू द्या जी. देवी काई तार वढाले खाली आली नोती, थे त्यायलेई मालूम हाय. मनूनच जास्त बोलून राहिले."

पुढच्या दिवाळीत मला एकोडीला पूजेचं बोलावणं आलं. दुकान बंद केलेल्या मिस्त्रीला कोण बोलावतं? मी गेलो. ट्रकला हार, चाकांशी दिवे, सगळं तसंच. इंजिनाखाली मात्र सारवण नव्हतं. तिथं पुठ्ठा होता, आणि त्याच्या चारी कडांना बारीक रांगोळी. मला भरून आलं. वाटलं, आयुष्याचं सार्थक झालं. मग जवळ जाऊन बघतो, तर पुठ्ठा तोच, त्या चढावरचा, ऑईलच्या हाताचे ठसे पडलेला, वर्षभरात उंदरांनी कुरतडलेला.

"याच पुठ्ठ्यानं गाडी वाचली मिस्त्री," मुखरूभाऊ हात जोडून म्हणाले. "आता हाच टाकाचा. जागृत हाय."

डाग पडलेल्या पुठ्ठ्यावर नवा डाग कसा दिसणार, हे मी विचारणार होतो. पण ते डोळे मिटून उभे होते. एखाद्या वस्तूची पूजा सुरू झाली की तिचा उपयोग संपतो, हे मी ट्रकवाल्यांकडून शिकलो, संपादकांना प्रेरणादायी वाक्य हवंच असेल तर हे घ्यावं. आरती झाली. मुखरूभाऊ प्रसाद आणायला आत गेले, तशा पार्बताबाई पुढे झाल्या. त्यांनी जुना पुठ्ठा अलगद काढून भिंतीशी टेकवला, त्याला कुंकू लावलं, आणि घरामागून एक कोरा, स्वच्छ पुठ्ठा आणून इंजिनाखाली सरकवला. माझ्याकडे बघून हसल्यासुद्धा नाहीत.

त्या घरात ऑईल आता कोजागिरीच्या आधीच बदललं जातं. उष्ट्याचं काय झालं, मी विचारलं नाही. माझा फोन मात्र दर वर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वाजतो. माझं दुकान नाही, पाने मी एका ओळखीच्याला देऊन टाकले, गुडघ्यांमुळे मला बाजेवरून उठायलाही वेळ लागतो. तरी फोन येतो. मागे इंजिन चालू असल्याचा आवाज असतो आणि मुखरूभाऊ ओरडत असतात, की निघाच्या वक्ती कोनाले फोन करून राहिली, टोकलं मनते त्याले.

परवाही आला.

"मिस्त्री, पार्बता बोलतो. पुठ्ठा कोरडा हाय. वायसर नवा हाय."

"मंग निघा जी सुखानं," मी म्हटलं. आणि राहवलं नाही म्हणून विचारलं, "मुखरूभाऊ बसले का गाडीवर?"

"कवाचे बसले," त्या म्हणाल्या. "चाबी माझ्यापाशी हाय."